व्यापारचिन्हाची हद्द

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगाव सोडून १९१० साली औंध संस्थानातील कुंडलच्या निवडुंगाने माजलेल्या माळावर आपला कारखाना मांडला, त्या वेळी लोखंडी नांगराने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची दृढ समजूत होती, आणि ती मोडून काढण्यासाठी त्यांना शब्दांपेक्षा मालाच्या टिकाऊपणावरच अधिक भिस्त ठेवावी लागली. पुढे हा नांगर दख्खनच्या काळ्या रानात रुळला आणि एका कुटुंबाचे आडनाव मालाच्या सचोटीची ग्वाही म्हणून लोकांच्या तोंडी बसले. कऱ्हाडनजीक ओगलेवाडीस १९१६ साली ओगले बंधूंचा काचकारखाना निघाला, त्याच्या 'प्रभाकर' कंदिलाचेही तसेच झाले. वीज न पोचलेल्या खेड्यांत हा कंदील घरोघरी गेला आणि त्याच्याबरोबर ते नावही गेले. अशा नावाची किंमत कारखान्याच्या इमारतींच्या आणि यंत्रांच्या यादीत कुठेही मांडलेली नसते. तरी त्या साऱ्यांहून ती अधिक असू शकते.

पण त्या काळी या मालमत्तेचा सरकारी दप्तरात नीटसा पत्ताच नव्हता. हिंदुस्थानात व्यापारचिन्हांच्या नोंदणीचा पहिला कायदा झाला तो १९४० साली. तोपर्यंत सावध व्यापारी एवढेच करीत, की अमुक चिन्ह आपल्या मालकीचे आहे असे निवेदन लिहून ते दस्तनोंदणीच्या १९०८ च्या कायद्याखाली निबंधकाच्या कचेरीत, खरेदीखते आणि गहाणखते जिथे नोंदतात तिथेच, नोंदवून ठेवीत. आणि कोणी त्या चिन्हाची नक्कल करून आपला माल दुसऱ्याचा म्हणून खपवू लागला तर दिवाणी न्यायालयात दावा लावून, आपली वहिवाट किती जुनी व नावलौकिक किती मोठा हे साक्षीपुराव्याने शाबीत करीत बसत.

त्यातही हद्दीचा प्रश्न होताच. किर्लोस्करवाडी औंधच्या पंतप्रतिनिधींची, सांगली आणि मिरज पटवर्धनांची, सातारा इंग्रजांचा. १९४० चा कायदा ब्रिटिश हिंदुस्थानापुरता होता. म्हणजे सातारा जिल्ह्यात गाडीत बसून मिरजेस उतरणाऱ्या व्यापाऱ्याच्या चिन्हामागचे कायद्याचे पाठबळ त्या एका प्रवासात बदलत असे. १९४८ साली दक्षिणेतील संस्थाने मुंबई प्रांतात विलीन झाली, १९४९ साली दक्षिण सातारा हा निराळा जिल्हा निघाला, १९६० साली त्याचे नाव सांगली झाले, आणि या आतल्या सीमा विरून गेल्या. परंतु व्यापारचिन्हाचा हक्क ज्या सरकारच्या दप्तरात नोंदला गेला त्या सरकारच्या हद्दीपुरताच चालतो, हा सिद्धान्त होता तसाच राहिला. आज ती हद्द सांगली आणि सातारा यांच्या मधोमध नसून समुद्राच्या काठावर आहे, एवढाच फरक.

हे मुद्दाम विस्ताराने सांगण्याचे कारण असे की, सांगलीची हळद, तासगाव व कवठे महांकाळकडचा बेदाणा, या भागातील पंप आणि डिझेल इंजिने यांना आग्नेय आशियाची बाजारपेठ अपरिचित नाही. किर्लोस्कर ब्रदर्ससारख्या जुन्या कंपनीची थायलंडमध्ये उपकंपनी आहे आणि अशा कंपन्यांपाशी कायद्याचे सल्लागारही असतात. प्रश्न आहे तो मार्केट यार्डातल्या त्या व्यापाऱ्याचा, ज्याने नुकताच परवाना काढून पहिला कंटेनर मलेशियाला किंवा व्हिएतनामला रवाना केला आहे. "आमचा ट्रेडमार्क रजिस्टर आहे," असे तो निर्धास्तपणे सांगतो, आणि मुंबईच्या नोंदणी कचेरीचा दाखलाही दाखवतो. दाखला खरा असतो, निर्धास्तपणा मात्र खरा नसतो. इतकेच काय, त्या दाखल्याच्या जोरावर पाकिटावर वर्तुळातले 'आर' हे अक्षर छापून माल सिंगापूर वा थायलंडला पाठवला आणि तिथे नोंद झालेली नसली, तर नोंद नसताना नोंद असल्याचे भासवणे हा तिथला स्वतंत्र गुन्हा ठरू शकतो. म्हणून परदेशी जाणाऱ्या पाकिटाचा नमुना छापखान्यात देण्यापूर्वी त्या एका बारीक अक्षराकडे बघून घ्यावे.

जगातील व्यापारचिन्हांचे कायदे ढोबळमानाने दोन प्रकृतींचे आहेत, आणि आपल्याकडच्या वाचकाला ते जमिनीच्या उदाहरणाने चटकन उमजतील. एका प्रकृतीत, शेत पिढ्यान्‌पिढ्या कोण कसतो आहे याला महत्त्व. दुसऱ्या प्रकृतीत, उताऱ्यावर नाव कोणाचे आहे याला. भारताचा कायदा इंग्रजी परंपरेतला असल्याने त्यात नोंदीला मान असला तरी जुन्या वहिवाटीलाही संरक्षण आहे. ज्याने आधीपासून चिन्ह वापरले, त्याला नंतर नोंद करणारा सहसा हुसकावू शकत नाही. सिंगापूर, मलेशिया आणि ब्रुनेई हे इंग्रजी अमलाखालून आलेले देश याच वाटेचे आहेत. थायलंड, व्हिएतनाम, इंडोनेशिया, कंबोडिया, लाओस आणि फिलिपीन्स या देशांत मात्र कमीअधिक प्रमाणात दुसऱ्या प्रकृतीचे राज्य आहे. तिथे जो प्रथम अर्ज करील त्याचा हक्क पहिला, आणि आपण सांगलीत तीस वर्षे हा मार्का चालवीत आहो हे सांगण्याने तिथल्या अधिकाऱ्याच्या मनावर फारसा परिणाम होत नाही.

वहिवाटीच्या मार्गाने जाणाऱ्या देशांतही नावलौकिक मोठा म्हणजे निकाल आपल्याच बाजूने असे समजू नये. क्वालालंपूर शहरात एका भारतीय वंशाच्या दांपत्याने १९९९ साली 'मॅककरी' नावाचे उपाहारगृह काढले. तिथे मिळत असे ती माशाची आमटी, कोंबडीचा रस्सा, रोटी, असे आपल्या ओळखीचे अन्न. मॅकडोनाल्ड्स या जगड्व्याळ अमेरिकन कंपनीने दावा लावला की 'मॅक' हा उपसर्ग आमचा, आणि हे लोक आमच्या नावावर गिऱ्हाईक खेचत आहेत. उपाहारगृहाचे म्हणणे, आमचे नाव 'मलेशियन चिकन करी' याचे संक्षिप्त रूप आहे. २००६ साली तिथल्या उच्च न्यायालयाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला. परंतु एप्रिल २००९ मध्ये अपील न्यायालयाने तो फिरवला, आणि सप्टेंबर २००९ मध्ये सर्वोच्च असलेल्या संघ न्यायालयाने पुढील अपिलाची परवानगी नाकारली. पाटी निराळी, रंगसंगती निराळी, पदार्थ निराळे, गिऱ्हाईकही निराळे. मग फसवणूक कोणाची झाली, असा अपील न्यायालयाचा विचार होता. मला हा निर्णय रास्त वाटतो. आपल्याकडे मुंबई उच्च न्यायालयाने गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात 'किर्लोस्कर' या नावासंबंधीच्या दाव्यात उलट बाजूने तोच विवेक केला होता: हे नाव मुळात आडनाव असले, तरी दीर्घ व्यवहाराने लोकांच्या मनात त्याला एका विशिष्ट उद्योगसमूहाचा अर्थ चिकटला आहे, म्हणून दुसऱ्या कोणी त्या नावाने धंदा मांडल्यास लोकांचा गैरसमज होईल. दोन्हीकडे न्यायालयाने पाहिले ते सामान्य गिऱ्हाइकाच्या मनाकडे.

पहिल्या अर्जाला मान देणाऱ्या देशांत सर्वांत घातक संकट बहुधा अनोळखी भामट्याकडून येत नाही, तर ओळखीच्या वितरकाकडून येते. समजा, सांगलीच्या एका बेदाणा व्यापाऱ्याने हो चि मिन्ह नगरातील एका आयातदाराशी सौदा केला. पहिली दोन वर्षे पैसे वेळेवर आले, माल आवडला, मार्का रुळला. आयातदाराने दरम्यान तोच मार्का स्वतःच्या नावे नोंदवून टाकला. कदाचित दुष्ट बुद्धीने, कदाचित केवळ आपली जागा पक्की राहावी या हिशेबाने. तिसऱ्या वर्षी दरावरून बिनसले आणि सांगलीकराने दुसरा आयातदार धरला, की पहिला आयातदार कागद पुढे करून त्याच्याच मालावर हरकत घेतो. अशा वेळी इलाज अगदीच नसतो असे नाही. मालकाच्या संमतीशिवाय त्याच्या प्रतिनिधीने चिन्ह आपल्या नावे करून घेऊ नये, असा नियम औद्योगिक मालमत्तेच्या पॅरिस करारात आहे. भारत त्या करारात १९९८ साली सामील झाला. व्हिएतनामने २०२३ च्या आरंभापासून दुष्ट हेतूने केलेला अर्ज हे नोंद रद्द करण्याचे स्पष्ट कारण म्हणून कायद्यात घातले आहे, आणि इंडोनेशियाच्या कायद्यातही तशी तरतूद आहे. पण दुसऱ्याच्या मनातला दुष्ट हेतू परक्या देशात, परक्या भाषेत शाबीत करणे हे किती खर्चाचे आणि किती मनस्तापाचे काम आहे हे ज्याच्यावर गुदरते त्यालाच ठाऊक. सौद्याच्या करारनाम्यातच 'मार्का विक्रेत्याच्या मालकीचा असून खरेदीदाराने तो कोठेही आपल्या नावे नोंदवू नये' असे एक कलम घालणे, आणि माल जहाजावर चढण्यापूर्वी आपला अर्ज त्या देशात रुजू करणे, या दोन गोष्टींनी पुढचे पुष्कळसे दुखणे टळते.

नोंद झाली म्हणजे झोपी जावे असेही नाही. चिन्ह नोंदवून वापरले नाही तर ते हातचे जाते, आणि याचा सर्वांत बोलका दाखला इंडोनेशियाने दिला. स्वीडनची आयकेआ ही फर्निचरची कंपनी जगद्विख्यात. तिने आपले नाव इंडोनेशियात रीतसर नोंदवले होते. सुराबाया येथील वेताचे सामान करणाऱ्या एका स्थानिक कंपनीने न्यायालयात म्हटले की, नोंदलेल्या वर्गांतील मालासाठी सलग तीन वर्षे या चिन्हाचा आमच्या देशात वापर झालेला नाही, सबब ते रद्द व्हावे; आणि २०१५ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केले. विशेष असे की, तोपर्यंत आयकेआचे जाकार्तानजीकचे भव्य दुकान उघडलेलेही होते! पुढे २०२४ साली तिथल्या घटना न्यायालयाने तीन वर्षांची मुदत पाच वर्षांवर नेली. फिलिपीन्समध्ये तर अर्जाच्या तारखेपासून तीन वर्षांच्या आत चिन्ह प्रत्यक्ष वापरात असल्याचे निवेदन पुराव्यासह दाखल करावे लागते, न केल्यास अर्ज वा नोंद आपोआप गळते. कंबोडियात पाच वर्षे पूर्ण झाल्यावर वर्षभरात वापराचे, किंवा न वापरण्याच्या सबळ कारणाचे, प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. म्हणून इन्व्हॉइस, बिल ऑफ लेडिंग, तिथल्या दुकानातील मांडणीची तारखेसह छायाचित्रे, जत्रा-प्रदर्शनांतील गाळ्यांच्या पावत्या हे सारे कागद आपल्याकडचे व्यापारी प्राप्तिकराचे काम झाले की माळ्यावर टाकतात, ते देशवार बासने बांधून हाताशी ठेवावेत.

या सर्व देशांत माझे कुतूहल अधिक वेधून घेतो तो ब्रह्मदेश, आजचा म्यानमार. १९३७ पर्यंत तो हिंदुस्थानचाच एक प्रांत होता, आणि तो वेगळा निघाला तेव्हा आपल्याकडे व्यापारचिन्हांचा कायदा झालेलाच नव्हता. म्हणून वेगळा होताना त्याने आपल्याबरोबर नेला तो दस्तनोंदणीचा १९०८ चा कायदा. आपण १९४० साली पुढे सरकलो. ब्रह्मदेश मात्र स्वातंत्र्य, लष्करी राजवट, निर्बंध या साऱ्यांतून जात असताना तीच जुनी रीत चालवीत राहिला. चिन्हाच्या मालकीचे निवेदन तयार करायचे, ते मुखत्यारामार्फत दस्तनोंदणीच्या कचेरीत नोंदवायचे, आणि मग वर्तमानपत्रात एक सावधगिरीची जाहीर सूचना द्यायची: सोबत छापलेले चिन्ह अमुक देशातील अमुक कंपनीचे असून ते अमुक मालासाठी वापरले जाते, कोणी त्याची नक्कल केल्यास कायदेशीर इलाज केला जाईल. वर चिन्हाचा छाप, खाली वकिलाचे नाव आणि तारीख. अशा सूचना तिथल्या वर्तमानपत्रांत वर्षानुवर्षे येत राहिल्या, आणि हक्क ताजा राहावा म्हणून दर काही वर्षांनी त्या पुन्हा दिल्या जात. लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या किंवा ओगले बंधूंच्या उमेदीच्या काळात आपल्या मुलखात व्यापारचिन्हाची जी कायदेशीर अवस्था होती, ती एकविसाव्या शतकाची दोन दशके उलटेपर्यंत यांगूनमध्ये जिवंत होती, असे म्हणण्यास हरकत नाही. २०१९ साली तिथे व्यापारचिन्हांचा स्वतंत्र कायदा मंजूर झाला आणि १ एप्रिल २०२३ पासून तो पूर्णपणे अमलात आला. नव्या कायद्याने पहिल्या अर्जाचे तत्त्व स्वीकारले, आणि जुन्या दस्तांचे रूपांतर नव्या नोंदीत आपोआप होणार नाही असेही ठरवले. जुन्या धारकांना आधी अर्ज करण्याची सवलत दिलेली होती. ज्यांनी ती घेतली नाही, त्यांच्या पेटीतले ते शिक्कामोर्तब झालेले दस्त आज पुराव्याचा कागद म्हणून फार तर उपयोगी, हक्काची सनद म्हणून नाही.

आता प्रत्यक्ष अर्जाविषयी. आग्नेय आशियाई राष्ट्रांच्या 'आसियान' या संघटनेत २०२५ साली तिमोर-लेस्ते दाखल झाल्यावर अकरा देश झाले. परंतु युरोपीय संघात जशी एका अर्जाने साऱ्या सदस्य देशांत चालणारी एकच नोंद मिळते, तशी सोय या अकरा देशांत नाही. प्रत्येक देशाचे दप्तर निराळे. त्यातल्या त्यात सुकर वाट माद्रिद करारनाम्याची. भारत या व्यवस्थेत ८ जुलै २०१३ रोजी सामील झाला. सिंगापूर २००० पासून, व्हिएतनाम २००६ पासून, फिलिपीन्स २०१२ पासून तीत आहे, मागाहून कंबोडिया, लाओस, ब्रुनेई, थायलंड, इंडोनेशिया आले, आणि २०१९ च्या डिसेंबरात मलेशियाने प्रवेश केल्यावर म्यानमार आणि तिमोर-लेस्ते वगळता सगळे देश या जाळ्यात आले. रीत अशी, की आधी भारतात अर्ज किंवा नोंद हवी. त्या पायावर आपल्याच नोंदणी कचेरीमार्फत जिनिव्हाच्या जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडे एक अर्ज जातो, त्यात हवे ते देश नमूद करायचे, आणि शुल्क स्विस फ्रँकमध्ये भरायचे. चिन्ह रंगीत नसेल तर मूळ शुल्क ६५३ फ्रँक, रंगीत असेल तर ९०३, आणि त्यावर प्रत्येक देशाचे शुल्क निराळे. भारतातल्या पायाभूत अर्जाला व्यक्ती किंवा लघुउद्योगाने ऑनलाइन अर्ज केल्यास प्रत्येक वर्गाला ४,५०० रुपये पडतात. पहिली पायरी तरी कोणत्याही अडत्याच्या आवाक्यातली आहे.

या वाटेवर एक खाचखळगा आहे, तो सल्लागार पुष्कळदा घाईत सांगत नाहीत. पहिली पाच वर्षे ही आंतरराष्ट्रीय नोंद मूळ भारतीय नोंदीवर अवलंबून राहते. त्या अवधीत भारतात कोणी हरकत घेऊन पायाच उखडला, तर वरच्या साऱ्या माड्या कोसळतात. सांगलीच्या बाजारात एकाच गणपतीच्या, एकाच देवीच्या, एकाच नांगराच्या चित्राचे कितीतरी मार्के फिरत असतात. त्यांतला एखादा उचलून त्याच्या आधारे सहा देशांत अर्ज करणे म्हणजे आपणहून धोका पत्करणे होय. नवे, कोणाशी न मिळणारे, मालाचे नुसते वर्णन न करणारे चिन्ह निवडावे. 'शुद्ध', 'उत्तम', 'गोल्ड' असल्या शब्दांवर हक्क कोणत्याच देशात सुखासुखी मिळत नाही. आणि चिन्ह देवनागरीत असेल, तर रोमन लिपीतील त्याचा उच्चार अर्जात द्यावा लागतो. शिवाय बँकॉकच्या गिऱ्हाइकाला देवनागरी अक्षरे वाचता येत नाहीत. तो पाकीट ओळखतो ते चित्रावरून, रंगावरून, किंवा थाई लिपीत कोणीतरी छापलेल्या नावावरून. ते थाई रूप आपण नोंदवले नाही, तर दुसरा कोणी नोंदवण्याचा संभव असतो.

वर्गांची निवडही विचाराने करावी. आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात माल आणि सेवा मिळून ४५ वर्ग आहेत. मसाल्याची हळद पूड ३० व्या वर्गात, बेदाणा २९ व्या, ताजी द्राक्षे ३१ व्या, इंजिने आणि पंप ७ व्या, कंदील ११ व्या, आणि मिरजेचे तंबोरे १५ व्या. हळदीचीच मलमे निघाली तर वर्ग ५, उटणी निघाली तर वर्ग ३. आज हळकुंड विकणाऱ्याला पाच वर्षांनी साबण विकावासा वाटेल काय, याचा अंदाज घ्यावा. मात्र न लागणारे वर्ग भाराभर घेऊ नयेत, कारण न वापरलेल्या वर्गाचे काय होते ते आयकेआच्या बाबतीत दिसलेच.

आता अंमलबजावणी. नोंद हा हक्काचा कागद. त्या कागदाने बाजारातला खोटा माल उचलला जाईल की नाही हे ज्या त्या देशाच्या यंत्रणेवर अवलंबून असते. व्हिएतनाममध्ये न्यायालयापेक्षा प्रशासनाचा मार्ग अधिक चालतो: बाजार-देखरेखीच्या अधिकाऱ्यांकडे पुराव्यानिशी तक्रार केली की गोदामावर छापा, माल जप्ती, दंड ही कामे तुलनेने लवकर आणि कमी खर्चात होतात, नुकसानभरपाई मात्र त्या वाटेने मिळत नाही. थायलंडमध्ये बौद्धिक संपदा आणि आंतरराष्ट्रीय व्यापार यांसाठीचे स्वतंत्र मध्यवर्ती न्यायालय १९९७ पासून बँकॉकमध्ये काम करते, आणि फौजदारी खटलेही तेच चालवते. इंडोनेशियात दिवाणी दावे जाकार्ता, सुराबाया, सेमारांग, मेदान आणि मकास्सर येथील व्यापारी न्यायालयांत जातात, आणि फौजदारी कारवाई मालकाने स्वतः फिर्याद दिल्यावाचून सुरूच होत नाही. म्हणून बाजारात खोटा माल दिसला, तर पहिले काम आरडाओरडा करणे नव्हे. तिथल्या वकिलाच्या माणसाकरवी गुपचूप दोन-चार पाकिटे पावतीसह विकत घ्यावीत, ती नोटरीसमोर सीलबंद करावीत, खऱ्या मालाच्या पाकिटाशी ताडून फरकांचा तक्ता करावा, आणि मग मुखत्यारपत्रासह तक्रार दाखल करावी. आधी गवगवा झाला की माल रातोरात हलतो आणि छापा टाकणाऱ्यांच्या हाती रिकामे शेल्फ लागते. शिवाय वेळोवेळी निघणारी त्या त्या देशांची नोंदणी राजपत्रे कोणाकडून तरी पाहून घ्यावीत. हरकतीची मुदत थायलंडमध्ये ६० दिवस, सिंगापूर आणि इंडोनेशियात दोन महिने, फिलिपीन्समध्ये अवघे ३० दिवस असते, आणि हरकत घेण्याचा खर्च नोंद रद्द करवून घेण्याच्या खर्चाच्या मानाने थोडका असतो.

एवढे झाले ते एकेका व्यापाऱ्याच्या चिन्हाचे. सातारा-सांगलीपाशी दुसऱ्या जातीचीही मालमत्ता आहे, ती कोणा एकाची नाही. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० साली, सांगलीच्या बेदाण्याला आणि कोरेगावकडच्या वाघ्या घेवड्याला २०१६ साली, सांगलीच्या हळदीला २०१८ साली, आणि मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. कोल्हापुरी चपलेच्या मानांकनाच्या क्षेत्रातही हे दोन्ही जिल्हे येतात. १९९९ चा कायदा, २००३ पासूनचा अंमल, चेन्नईची नोंदणी कचेरी. मालाचा गुण त्या भूमीशी आणि तिथल्या माणसांच्या हातोटीशी निगडित आहे, हे शाबीत झाल्यावर त्या गावाचे नाव तेथील उत्पादकांपुरते राखून ठेवले जाते.

सांगलीच्या हळदीत ही हातोटी कशी असते ते पाहायचे तर कृष्णेकाठच्या हरिपूरला जावे. तिथे जमिनीत पेवे खणलेली आहेत: वर अरुंद तोंड, आत गेल्यावर रांजणासारखा रुंदावणारा पोकळ भाग. मातीच घट्ट आणि कोरडी असल्याने विटांचे बांधकाम लागत नाही. वाळवलेली हळद आत भरायची, तोंड मातीने लिंपून बंद करायचे. हवा कोंडल्यामुळे किडीला जगता येत नाही आणि हळदीचा रंग टिकतो. पेव उघडल्यावर लगेच आत कोणी उतरत नाही. आधी पेटता कंदील दोरीने खाली सोडतात; तो विझला तर आत अजून श्वास घेण्याजोगी हवा नाही असे समजून थांबतात. २००५ च्या महापुरात यांतली पुष्कळ पेवे पाण्याने गेली आणि पुढे शीतगृहांचा वापर वाढला. परंतु राजापुरी हळदीचे आणि सांगलीच्या सौद्यांचे नाव देशभर झाले ते या मातीच्या आणि या रीतीच्या पाठबळावर. या नावाखाली दुसरीकडची हळद विकली जाते, तेव्हा या माणसांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या ज्ञानाचा मोबदला दुसऱ्याच्या गल्ल्यात पडतो, आणि ही गोष्ट मला एखाद्या कंपनीच्या मार्क्याच्या चोरीहून अधिक जिव्हारी लागणारी वाटते. अमेरिकेत १९९५ साली हळदीच्या जखम भरून काढण्याच्या गुणावर पेटंट दिले गेले आणि डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने लढून १९९७ साली ते रद्द करविले, हे पुष्कळांना आठवते. तो लढा गुणाविषयी होता. मानांकनाचा लढा नावाविषयी आहे, आणि तो देशोदेशी निराळा लढावा लागतो.

कारण मानांकनालाही हद्द आहेच. २०२५ च्या जूनमध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलानच्या मंचावर कोल्हापुरी घाटाच्या चपला मिरवल्या तेव्हा महाराष्ट्रात संतापाची लाट उसळली. पण चेन्नईच्या नोंदीचा अंमल मिलानमध्ये चालत नव्हता. त्यावरची जनहित याचिका मुंबई उच्च न्यायालयाने जुलैत फेटाळली. मानांकनाच्या नोंदणीकृत मालकांना स्वतः दाद मागता येते, असे न्यायालयाचे म्हणणे. आग्नेय आशियात या बाबतीत दारे उघडी आहेत: थायलंडने भौगोलिक नावांचा कायदा २००३ साली केला, सिंगापूरने २०१४ साली केलेला कायदा २०१९ पासून अमलात आणला, आणि मूळ देशात संरक्षण असलेल्या परदेशी नावांनाही तिथे अर्ज करता येतो. उलट कंबोडियाच्या शेतकऱ्यांकडून आपण शिकावे. तिथल्या कम्पोट प्रांतातली मिरी युद्धाच्या वर्षांत जवळजवळ नामशेष झाली होती. पुन्हा लागवड झाल्यावर दुसरीकडची मिरी तिच्या नावाने खपू लागली, तेव्हा उत्पादकांनी संघ काढून २०१० साली देशात मानांकन मिळवले, आणि २०१६ साली युरोपीय संघाकडूनही ते मान्य करवून घेतले.

सांगलीच्या हळदीसाठी बँकॉक वा सिंगापूरला असा अर्ज करायचा, तर तो एकट्या निर्यातदाराला करता येणार नाही. चेन्नईच्या दप्तरात मालक म्हणून ज्या संस्थेचे नाव आहे तिनेच पुढाकार घ्यायला हवा, आणि तिच्या पाठीशी अधिकृत वापरकर्ते म्हणून नाव नोंदवलेले शेतकरी असायला हवेत. ही नाव नोंदवण्याची क्रिया अजून पुष्कळ शिवारांत पोचायची आहे. मानांकन मिळाल्याची बातमी वाचून अनेकांना वाटते की आपणही आता त्या नावाचे धनी झालो. कायदा मात्र नाव वापरण्याचा हक्क देतो तो अधिकृत वापरकर्त्याच्या यादीत ज्याचे नाव आहे त्यालाच, आणि नक्कल करणाऱ्यावर दावा लावण्याचा अधिकार त्याला किंवा नोंदणीकृत मालकालाच, मग दुसऱ्याचे शेत खुद्द कृष्णेच्या काठी का असेना.